ष्ठीवन-परीक्षा : डबीत कफ आहे की लाळ?

जीर्ण कासाचा रुग्ण आला की आपण नाडी, जिव्हा, अग्नी, बल पाहतो. कफाचा वर्ण, गंध व घनता विचारतो. तोच कफ तपासणीस पाठविताना मात्र केवळ चिठ्ठी लिहून मोकळे होतो. आम्हीही तेच करीत होतो.

सुमारे पन्नास वर्षांचे एक गृहस्थ दीड महिन्याचा कास, सायंकाळचा मंद ज्वर व वजनातील घट घेऊन आले. राजयक्ष्म्याची शंका होतीच. एका प्रयोगशाळेचा अहवाल ‘जंतू आढळले नाहीत’ असा आला आणि आम्ही निःशंकपणे सितोपलादि चूर्ण व वासावलेह चालू ठेवले. तीन आठवड्यांनी कफातून रक्त पडले. खोदून विचारता ते म्हणाले, “डबी दिली, तिच्यात थुंकलो.” तपासली गेली होती ती लाळ! प्रयोगशाळेने तो नमुना परत करावयास हवा होता, हे खरे. पण नमुना कसा द्यावा हे सांगणे आमचे काम होते. दुसऱ्या, योग्य नमुन्यात जंतू सापडले. घरात दोन वर्षांची नात होती व ती आजोबांच्याच कुशीत निजत असे.

शोष हा औपसर्गिक, म्हणजे एकापासून दुसऱ्यास होणारा व्याधी असल्याचे सुश्रुताचार्यांनी कुष्ठनिदानात सांगितलेच आहे. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केला. झील-नील्सन पद्धतीत काचपट्टीवर कार्बल फुक्सिन हा लाल रंग ओतून उष्णता देतात व नंतर आम्लाने धुतात. इतर बहुतेक जंतू रंग सोडतात. क्षयजंतू आपल्या मेदयुक्त आवरणामुळे तो धरून ठेवतो व निळ्या पार्श्वभूमीवर लाल शलाकेसारखा दिसतो. परंतु तो दिसण्यासाठी एक मिलिलिटर कफात साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. म्हणून ‘आढळले नाहीत’ याचा अर्थ ‘नाहीत’ असा नव्हे. सीबीनॅट व गोव्यातील कंपनीचे ट्रूनॅट या चाचण्या जंतूची जनुकीय द्रव्ये शोधतात, त्यामुळे अल्पसंख्य जंतूही सापडतात व रिफाम्पिसिनला ते दाद देतात की नाही हेही कळते. संवर्धनास मात्र कित्येक आठवडे लागतात.

चाचणी कोणतीही असो, नमुना छातीतून आलेला हवा. रुग्णाने साध्या पाण्याने चूळ भरावी, मोकळ्या हवेत इतरांपासून दूर उभे राहून दोन-तीन दीर्घ श्वास घ्यावेत व जोराने खोकून आलेला कफ डबीत घ्यावा. दोन ते पाच मिलिलिटर पुरे. एक नमुना त्याच वेळी, दुसरा पहाटेचा. पातळ, फेसाळ द्रव दिसला तर डबी आपणच परत करावी.

औषधविक्रेते बंधूंसही एक विनंती. खोकल्यासाठी कोणी चिठ्ठीवाचून लिव्होफ्लोक्सॅसिन मागितल्यास देऊ नये. या औषधाने क्षयाची लक्षणे काही काळ दबतात, जंतू मिळणे कठीण होते व निदान लांबते. क्षयाच्या प्रमुख औषधांप्रमाणे तेही २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये आहे. वैद्य, रुग्ण, औषध व मात्रा यांची स्वतंत्र नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. क्षयरुग्णाची माहिती शासनास कळविण्याचे बंधन २०१८ च्या अधिसूचनेने विक्रेत्यांवरही आले आहे.

त्या गृहस्थांना आम्ही त्याच दिवशी शासकीय क्षयरोग केंद्राकडे पाठविले. सहा महिन्यांचा औषधक्रम त्यांनी पूर्ण केला. नातीची तपासणी झाली. तिला रोग नव्हता; प्रतिबंधक औषध मात्र घ्यावे लागले, आणि ते रोज पाजण्याचे काम आजोबांनी स्वतःकडे घेतले.