ताऱ्यांचे गणित आणि जर्मनचा तास



दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत एखादा विद्यार्थी मला हमखास विचारतो, "सर, मला पुढे भौतिकशास्त्रच घ्यायचे आहे. मग ही दुसरी भाषा कशाला? आणि घ्यावीच लागणार असेल, तर गुण कुठल्या भाषेत जास्त पडतात तेवढे सांगा." प्रश्न प्रामाणिक आहे. त्याच्या उत्तरासाठी आपण शंभर वर्षे मागे, कलकत्त्याला जाऊ.

पुस्तके नसलेला वर्ग

१९१६ साली कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात दोन तरुण अध्यापक रुजू झाले. एक सत्येंद्रनाथ बोस आणि दुसरे मेघनाद साहा. दोघेही तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे. त्यांना शिकवायचे होते ते अगदी नवे भौतिकशास्त्र. प्लांक यांचा पुंज सिद्धांत आणि आइन्स्टाइन यांचा सापेक्षता सिद्धांत मूळ लिहिले गेले होते जर्मन भाषेत. त्यात पहिले महायुद्ध चालू. जर्मनीहून येणारी पुस्तके आणि नियतकालिके बंद झालेली. सुदैवाने शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील डॉ. ब्र्यूल यांच्या खासगी संग्रहात काही जर्मन पुस्तके होती. ती त्यांनी वाचायला दिली.

पण पुस्तक हाती आले म्हणून वाचता थोडेच येते? येथे साहांची एक जुनी कमाई उपयोगी पडली. ढाक्याला इंटरमिजिएटच्या वर्गात असताना त्यांनी जर्मन हा जादा विषय घेतला होता. बोस यांनीही जर्मन शिकून घेतली.

पुढे मे १९१९ च्या सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून जाताना वाकतो असे दिसून आले, आणि आइन्स्टाइन यांचे नाव जगभर झाले. सापेक्षता म्हणजे काय, हे जाणून घ्यायची उत्सुकता सर्वांना होती. परंतु मूळ लेख वाचणार कोण? बोस आणि साहा यांनी ते इंग्रजीत आणले. १९०५ चा लेख साहांनी भाषांतरित केला, तर १९१६ चा व्यापक सापेक्षतेचा लेख बोस यांनी. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी ऐतिहासिक प्रस्तावना लिहिली आणि कलकत्ता विद्यापीठाने १९२० साली ते पुस्तक छापले.

वाचता वाचता सापडलेली उणीव

तुम्ही म्हणाल, हे झाले भाषांतर. त्यात नवे संशोधन कोठे आहे? तेही पाहू.

वायू खूप तापला की त्याचे अणू एकमेकांवर जोरात आदळतात आणि त्यांतले इलेक्ट्रॉन सुटू लागतात. यालाच आयनीभवन म्हणतात. इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूच्या वर्णपटातील रेषा मूळ अणूच्या रेषांहून वेगळ्या असतात. तेव्हा किती अणूंचे आयनीभवन झाले हे मोजता आले, तर ताऱ्याच्या नुसत्या प्रकाशावरून त्याचे तापमान सांगता येईल.

एगर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने ताऱ्यांच्या अंतर्भागातील वायूंसाठी असा हिशोब मांडला होता. त्याचा लेख १९१९ साली एका जर्मन नियतकालिकात आला आणि साहांनी तो वाचला. वाचतानाच त्यांच्या ध्यानात आले, की प्रत्येक मूलद्रव्याचा इलेक्ट्रॉन सोडवायला जी ऊर्जा लागते, तिचे प्रयोगाने मिळालेले मूल्य या सूत्रात घातले पाहिजे. मग कोणत्याही तापमानाला आणि दाबाला आयनीभवन किती होईल, हे काढता येते. १९२० साली प्रसिद्ध झालेले साहांचे आयनीभवनाचे समीकरण ते हेच. आजही खगोलशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ते असते. त्याची एक वाट इंटरमिजिएटच्या त्या जर्मनच्या तासातून गेली होती!

वाचता येणे आणि लिहिता येणे

आता बोस यांची गोष्ट. ढाक्याला प्लांकचा नियम शिकवताना त्यांना त्याच्या प्रचलित सिद्धतेत खोट दिसत होती. त्यांनी मोजणीची रीतच बदलली. दोन नाणी घ्या. ती वेगवेगळी ओळखता येत असतील, तर छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा आणि काटा-काटा असे चार प्रकार होतात. पण ती ओळखता येणार नाहीत इतकी एकसारखी असतील, तर मधले दोन प्रकार एकच ठरतात आणि उरतात तीन. प्रकाशकण असेच एकसारखे आहेत असे धरून बोस यांनी प्लांकचा नियम मिळवला. जून १९२४ मध्ये हा इंग्रजी लेख त्यांनी आइन्स्टाइन यांच्याकडे पाठवला. तो जर्मनमध्ये आणण्याइतकी जर्मन आपल्याला येत नाही, असे त्यांनी पत्रात मोकळेपणाने लिहिले. आइन्स्टाइन यांनी स्वतः भाषांतर करून तो लेख छापवून आणला.

मला ही कबुली फार महत्त्वाची वाटते. जर्मनमधून भाषांतर करणाऱ्या माणसाला जर्मनमध्ये लेख लिहिता येत नव्हता. पण त्यावाचून त्याचे अडले नाही. वाचून समजण्यापुरती भाषा महाविद्यालयाच्या दोन-तीन वर्षांत येऊ शकते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला बहुधा तेवढी पुरते.

यंत्र आहे ना!

"सर, आता तर मोबाइल क्षणात भाषांतर करतो." खरे आहे, मीही ते वापरतो. पण एक गोष्ट ऐका. १८७७ साली इटलीच्या शियापारेल्ली यांना मंगळावर रेषा दिसल्या. त्यांना त्यांनी 'कनाली' म्हटले. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ नैसर्गिक प्रवाहमार्ग असाही होतो आणि खोदलेला कालवा असाही. इंग्रजीत गेला तो कालवा! मग कालवे खोदणाऱ्या मंगळवासीयांच्या कल्पनेला जोर चढला. १९६५ साली मरिनर-४ यानाने जवळून छायाचित्रे पाठवली, त्यांत कालवे नव्हते. एका शब्दाच्या दोन अर्थांपैकी भाषांतरात एकच उतरतो. दुसरा होता, हे ज्याला मूळ भाषा थोडी तरी येते त्यालाच कळते.

एक कबुली माझीही. एम.एस्सी.ला असताना मी जर्मनचा वर्ग लावला आणि परीक्षेच्या घाईत अर्धा सोडला. पुढे बोस यांचा छापील जर्मन लेख पाहिला, तेव्हा मला फक्त सूत्रे वाचता आली. मधली वाक्ये मुकी राहिली. चाळिशी उलटल्यावर आता मी पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकतो आहे. शेजारच्या बाकावरची मुले माझ्यापेक्षा भराभर पुढे जातात!

बोस यांनी १९४८ साली कलकत्त्यात बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली. तिचे 'ज्ञान ओ विज्ञान' हे मासिक बंगालीत निघू लागले. जर्मन लेख वाचण्यासाठी धडपडलेला माणूस अखेर आपल्या भाषेतल्या मुलांसाठी विज्ञान घेऊन आला. तुमच्या हातातील हे मासिकही त्याच जातीचे आहे.

तेव्हा प्रवेशअर्जात दुसऱ्या भाषेचा रकाना भरताना गुणांचा विचार जरूर करा. पण त्या भाषेत तुम्हाला काय वाचायचे आहे, हे आधी ठरवा.