ग्रुपवर नोट्स टाकल्या म्हणजे शिकवणं झालं का?



आज महाविद्यालयातल्या जवळजवळ प्रत्येक वर्गाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. वेळापत्रक, नोट्सची पीडीएफ, यूट्यूबची लिंक, फी भरायची शेवटची तारीख, सगळं त्याच ग्रुपवर येतं. मार्च 2020 मध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा या ग्रुपनेच आपल्याला तारलं, हे मान्य करायलाच हवं. पण वर्ग पुन्हा भरायला लागून आता बरीच वर्षं झाली. तेव्हा जे नाइलाज म्हणून केलं, तेच आपण सवय म्हणून तर करत नाही ना, हे एकदा तपासून पाहू.

मी पदवीच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवतो. माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगतो, कारण माझा विचार तिथूनच सुरू झाला.

एक टेस्ट आणि एक रिकामा पेपर

दुसऱ्या दिवशी अंतर्गत परीक्षेची दहा गुणांची टेस्ट घ्यायची होती. दुपारी चार वाजता मी ग्रुपवर मेसेज टाकला आणि निर्धास्त झालो. सकाळी पेपर वाटायला घेतले, तेव्हा दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, टेस्ट आहे हे मला आत्ता कळलं." मी पटकन बोलून गेलो, "अगं, ग्रुपवर टाकलं होतं ना!" ती काही बोलली नाही. पेपर जवळजवळ कोरा देऊन गेली.

नंतर तिच्या मैत्रिणीकडून समजलं. घरात स्मार्टफोन एकच, तोही वडिलांचा. वडील ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर. हंगामात ते कधी रात्री अकराला घरी येतात, कधी येतच नाहीत. माझा मेसेज तिच्या हातात पोचलाच नव्हता. मी टेस्ट पुन्हा घेतली, गुणांचं नुकसान भरून निघालं. पण वर्गात आधी हात वर करणारी ती मुलगी पुढचे कित्येक दिवस गप्प बसायला लागली, ते काही लगेच भरून निघालं नाही.

तेव्हापासून कोणतंही डिजिटल साधन वापरण्याआधी मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो. यातून विद्यार्थ्याला काही करावं लागणार आहे का? आणि ज्याच्या हातात आज फोन नाही, त्याचं काय?

"पाहिलं" म्हणजे "समजलं" नव्हे

पहिला प्रश्न आधी घेऊ. पीडीएफ पाठवली, दोन निळ्या टिका आल्या, की आपल्याला वाटतं काम झालं. विद्यार्थ्यालाही वाटतं, नोट्स फोनमध्ये आहेत म्हणजे अभ्यास आहे. हा भ्रम दोघांचाही आहे.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून, मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे साधन असं हवं, जे मुलाला आठवायला लावेल, नुसतं साठवायला नाही.

मी यासाठी गूगल फॉर्म वापरतो. तासानंतर तीनच प्रश्न. उदाहरणार्थ, महागाई शिकवल्यावर हा प्रश्न: "मागच्या वर्षी महागाईचा दर 6 टक्के होता, यंदा 4 टक्के झाला. मग वस्तू स्वस्त झाल्या का?"

बरीच मुलं "हो" म्हणतात. खरं तर 100 रुपयांची वस्तू आधी 106 रुपयांची झाली आणि नंतर सुमारे 110 रुपयांची. दर उतरला, किंमत नाही. ती फक्त जरा हळू वाढली. फॉर्ममध्ये उत्तरांचा आलेख आपोआप तयार होतो. त्यामुळे किती जणांची गाडी कुठे अडली, हे मला पुढच्या तासाआधीच कळतं आणि तास तिथूनच सुरू होतो. फॉर्मचा खरा उपयोग हा आहे.

या फॉर्मला मी गुण ठेवत नाही. गुण ठेवले की उत्तरं एकमेकांना फॉरवर्ड होतात, नाहीतर चॅटजीपीटीकडून येतात. गुणच नसतील तर चुकायला भीती वाटत नाही, आणि मला खऱ्या चुका दिसतात.

ज्याच्या हातात फोन नाही

आता दुसरा प्रश्न. मी पाळतो ते काही साधे नियम असे:

1. महत्त्वाची सूचना किमान दोन दिवस आधी, आणि ग्रुपसोबत वर्गात व नोटीस बोर्डावरही. सूचना फक्त ग्रुपवर असेल तर ती दिलीच नाही, असं समजायचं.
2. फॉर्मचे तेच तीन प्रश्न फळ्यावर. फोन नसेल तर उत्तर चिठ्ठीवर चालतं.
3. जड व्हिडिओऐवजी लहान फाइल. व्हिडिओ द्यायचाच असेल तर कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत पाहायचा, हे सांगायचं.
4. नोट्स ग्रुपवर नाही, तर गूगल क्लासरूम किंवा मूडलवर धड्यानुसार ठेवायच्या. ग्रुपवर त्या शुभेच्छांच्या खाली गाडल्या जातात. एक छापील प्रत ग्रंथालयात.

अजून एक गोष्ट आपण सहज विसरतो. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. मुलींना नको ते मेसेज यायला तेवढं पुरतं. म्हणून सूचनांच्या ग्रुपमध्ये "फक्त अ‍ॅडमिन" हे सेटिंग ठेवा. एवढ्याने नंबर लपत नाहीत, त्यामुळे त्रास झाला तर सांगायचं कुणाला, हेही पहिल्याच दिवशी स्पष्ट करा. रात्री आठनंतर मेसेज टाकू नका. मुलांनाही घर असतं आणि आपल्यालाही.

स्वयम्‌चा उपयोग

केंद्र सरकारचं "स्वयम्" हे व्यासपीठ 2017 पासून सुरू आहे. अभ्यासक्रम मोफत शिकता येतो. प्रमाणपत्र हवं असेल तर मात्र शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार विद्यापीठ एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌वरून करू देऊ शकतं. पण नाव नोंदवण्याआधी आपलं कॉलेज त्या विषयाचे क्रेडिट धरतं का, हे लेखी विचारून घ्या. बरेच अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. म्हणून मुलाला एकट्याला न सोडता आठवड्यातून एकदा चार-पाच जणांनी एकत्र बसून, ऐकलेलं मराठीत एकमेकांना समजावून सांगायचं. असं केलं की अभ्यासक्रम अर्ध्यावर सुटण्याची शक्यता कमी होते.

पालकांसाठी

मुलगा फोन घेऊन बसलाय, म्हणजे टाइमपास की अभ्यास, हे दुरून कळत नाही. "किती वेळ बसलास?" असं विचारण्यापेक्षा "आज कुठला प्रश्न चुकला?" असं विचारा. ज्याने खरंच काही केलंय, त्याच्याकडे याचं उत्तर असतं. आणि घरात फोन एकच असेल, तर तो दिवसातून अर्धा तास, ठरलेल्या वेळी, मुलीच्याही हातात द्या. भावाचं झाल्यावर उरलेला वेळ तिला, असं नको.

शिक्षकांना एकच विनंती. उद्या ग्रुपवर काही टाकण्याआधी आपल्या वर्गात साधी चौकशी करा: स्वतःचा फोन कुणाकडे आहे, घरातला वाटून कोण वापरतं, कुणाकडे नाहीच? सगळ्यांसमोर हात वर करायला लावू नका, चिठ्ठीवर लिहून घ्या. मग साधन कोणतं वापरायचं, ते त्या चिठ्ठ्या वाचून ठरवा.