मुरघास आणि गाईचें पोट

योसेफानें मिसर देशांत सुकाळाचें धान्य दुष्काळासाठीं कोठारांत भरून ठेविलें, ही कथा आपण सर्वांनीं वाचली आहे. धान्य कोरडें, म्हणून तें टिकलें. ओला चारा ओलाच ठेवावयाचा, तर तो खड्ड्यांत दाबून व हवा कोंडून आंबवावा लागतो. त्यालाच मुरघास म्हणतात. तो टिकतो खरा. पण त्यांतील प्रथिन गाईच्या अंगीं किती लागतें, हा प्रश्न निराळा आहे.

चारा कापतांच त्याच्या पेशींतील कांहीं द्रव्यें प्रथिनाचे तुकडे करूं लागतात. इकडे खड्ड्यांतील जंतु चार्‍याच्या साखरेपासून दुग्धाम्ल बनवितात; दुधाचें दहीं होतें तें याच आम्लामुळें. आंबटपणा पुरेसा चढला म्हणजे प्रथिनाची मोडतोड मंदावते. मक्यांत साखर भरपूर, म्हणून तो लवकर आंबतो. लसूणघासांत प्रथिन फार व साखर थोडी. तेथें आंबटपणा सावकाश चढतो आणि पुष्कळदां निम्म्याहून अधिक प्रथिन मोडून विरघळतें. मौज ही कीं, प्रयोगशाळेंत नत्र मोजावें तर तें जवळजवळ पूर्वींइतकेंच भरतें! मग तोटा तो कोठें झाला?

याचें उत्तर गाईच्या पोटांत आहे. त्याच्या चार कप्प्यांपैकीं पहिल्या मोठ्या कप्प्यांत असंख्य सूक्ष्म जंतु प्रथिन मोडून अमोनिया करतात व त्यापासून आपलें शरीर बांधतात. पुढें हे जंतुच चौथ्या कप्प्यांत व आंतड्यांत पचतात. गाईच्या प्रथिनाचा मोठा वाटा तो हाच. परंतु या बांधकामास शक्ति लागते. मुरघासांतील बरीच साखर आधींच आम्ल होऊन गेलेली असते, आणि विरघळलेल्या नत्रापासून अमोनिया तर एकदम सुटतो. जंतूंना तो सगळा वापरतां येत नाहीं. उरलेला रक्तांत शिरतो, यकृत त्याचा युरिया करतें, आणि त्यांतील पुष्कळसा मूत्रावाटे वाहून जातो.

याच्या उलट दोषही घडतो. खड्डा सैल दाबला तर आंतील हवेनें चारा तापतो, तपकिरी होतो व त्याला गोडसर करपट वास येतो. जनावरें तो आवडीनें खातात. पण उष्णतेनें साखरेशीं जखडलेलें प्रथिन न पचतां शेणांत पडतें.

फिनलंडच्या लांब हिवाळ्यांत गाईंची सारी भिस्त सांठविलेल्या चार्‍यावर असते. तेथील आर्तुरी विर्तानेन यांनीं चारा भरतांनाच त्यावर सौम्य केलेलीं हायड्रोक्लोरिक व सल्फ्युरिक आम्लें शिंपडण्याची रीत काढली. आंबटपणाची वाट पाहावयास नको, आणि प्रथिनही पुष्कळ बचावतें! १९४५ सालीं त्यांना रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, तें मुख्यतः या कार्याबद्दल. पुढें त्या जहाल आम्लांच्या जागीं फॉर्मिक आम्ल आलें.

विद्यार्थिमित्रहो, ज्यांच्या घरीं मुरघास होतो त्यांनीं चारा कापून थोडा सुकवावा, बारीक करावा, साखर कमी असेल तर मळी मिसळावी, आणि खड्डा झटपट भरून, घट्ट तुडवून झांकावा. आपली चूक मुक्या जनावराला सांगतां येत नाहीं. ती दुधांत दिसते, तोंवर खड्डा अर्धा संपलेला असतो. म्हणून विश्वासू कारभार्‍यानें भरण्याच्या दिवशींच जागें असावें.