बॅकअप (संगणक)

बॅकअप म्हणजे संगणकातील मूळ माहिती नष्ट झाल्यास ती परत मिळवता यावी, या हेतूने स्वतंत्रपणे जपलेली प्रत होय. प्रत घेणे हा या प्रक्रियेचा पूर्वार्ध असून, त्या प्रतीवरून माहिती पूर्ववत करणे हा उत्तरार्ध आहे. हा उत्तरार्ध कधीच पार पाडून पाहिला नसेल, तर घेतलेली प्रत ऐनवेळी उपयोगी पडेल याची खात्री देता येत नाही.

निष्फळ ठरण्याची कारणे

प्रत मूळ संगणकावरच किंवा त्याच खोलीतील हार्ड डिस्कवर ठेवल्यास आग, पूर अथवा चोरीत दोन्ही एकदम जातात. कायम जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसच्या (रॅन्समवेअर) तावडीत सापडते. दोन डिस्कवर एकाच वेळी माहिती लिहिणारी मिररिंगची पद्धत डिस्क बिघडल्यास उपयोगी पडते. परंतु चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते, म्हणून तिला बॅकअप म्हणता येत नाही. बॅकअपचे काम कोणा एकावर सोपवलेले नसणे, हेही एक कारण आहे.

महाराष्ट्रातील घटना

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला धरणे फुटून पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. अशा आपत्तीत शेजारच्या वाड्यात ठेवलेली प्रतही वाचत नाही. मुंबईतील मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी लागलेल्या आगीत अनेक कागदी फायली जळाल्या. स्कॅन करून सर्व्हरवर ठेवलेल्या फायली मात्र परत मिळवता आल्या.

इतरत्र घडलेल्या घटना

गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका कर्मचाऱ्याने चुकून मुख्य सर्व्हरवरील माहिती पुसली. बॅकअपच्या अनेक व्यवस्था कागदोपत्री होत्या. पण नियमित बॅकअप अयशस्वी होत असल्याचे इशारे कोणापर्यंत पोहोचतच नव्हते. योगायोगाने सुमारे सहा तास आधी घेतलेली एक प्रत हाती लागली; त्यानंतरची माहिती गेली. दक्षिण कोरियातील डेजॉन येथील सरकारी माहिती केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. तेथील सरकारी कर्मचाऱ्यांच्या 'जी-ड्राइव्ह' या साठ्यातील ८५८ टेराबाइट माहितीचा बाहेर बॅकअप नसल्याने ती नष्ट झाली.

३-२-१ नियम

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचलित केलेल्या या नियमानुसार माहितीच्या मूळ धरून तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी असावी. पुण्यातील कार्यालयाची तिसरी प्रत दुसऱ्या शहरात असणे श्रेयस्कर ठरते.

पुनःस्थापन चाचणी

ठरावीक काळाने बॅकअपमधील काही फायली वेगळ्या संगणकावर उतरवून, उघडून, मूळ फायलींशी ताडून पाहतात. या चाचणीत दोन गोष्टी स्पष्ट होतात: माहिती पूर्ववत होण्यास किती वेळ लागतो आणि किती तासांची किंवा दिवसांची माहिती गमवावी लागते. चाचणीची तारीख व ती करणाऱ्याचे नाव यांची नोंद ठेवल्यास जबाबदारी निश्चित होते.