तिन्ही निगेटिव्ह म्हणजे काय?

माझ्या एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. वय चौतीस. स्तनातल्या गाठीचा तपासणी अहवाल हाती आला होता. "मॅडम, रिपोर्टमध्ये तीन ठिकाणी निगेटिव्ह लिहिलंय. आई म्हणते देव पावला, पेढे आणायला निघालीय." कोरोनाच्या दिवसांत 'निगेटिव्ह' म्हणजे सुटलो, हा अर्थ आपल्या घराघरांत रुजला. त्याच अहवालाच्या पहिल्या ओळीत कर्करोगाचे निदान होते. ते मात्र कठीण इंग्रजीत.

मी साहित्य शिकवते, वैद्यक नव्हे. तिच्या डॉक्टरांना विचारून आणि नंतर वाचून जे उमगले, ते इथे मांडते.

हे तीन शब्द रोग आहे की नाही, याविषयी बोलतच नाहीत. गाठीच्या पेशींत तीन विशिष्ट प्रथिने आहेत का, एवढेच ते सांगतात. सुईने काढलेला तुकडा मेणात बसवून त्याचे अतिशय पातळ काप करतात. त्यावर एक प्रतिपिंड सोडतात. ते एकाच प्रथिनाला चिकटते आणि तिथे तपकिरी रंग उमटतो. रंग आला तर पॉझिटिव्ह, नाही आला तर निगेटिव्ह. अशा प्रथिनांना 'जैवचिन्हक' म्हणतात. मला नुसता 'खूण' हा शब्द पुरेसा वाटतो.

पहिल्या दोन खुणा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांच्या ग्राहींच्या. ग्राही म्हणजे संप्रेरकाला धरून ठेवणारे, त्याचा निरोप पेशीला पोचवणारे प्रथिन. स्कॉटलंडमधील शल्यविशारद जॉर्ज बीट्सन यांनी १८९६ साली एक नवल प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या ३३ वर्षांच्या एका रुग्णेची बीजांडे काढल्यावर तिच्या स्तनाची गाठ विरली होती. पुढे हा उपाय काहींना लागू पडे, काहींना मुळीच नाही. का, ते कळायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले. एल्वूड जेन्सन यांनी शिकागोत इस्ट्रोजेनचा ग्राही शोधला आणि उलगडा झाला : ज्या गाठीत ग्राही असतो, तीच संप्रेरकावर पोसली जाते. टॅमॉक्सिफेन ही गोळी तो ग्राहीच अडवून धरते. तरुण स्त्रीची बीजांडे कार्यरत असतात, म्हणून कधी ती इंजेक्शनने शांतही ठेवावी लागतात.

तिसरी खूण हर-टू. हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असते. ते वाजवीपेक्षा जास्त झाले की गाठ झपाट्याने वाढते. पूर्वी ही वाईट बातमी होती. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली आणि तीच खूण उपचाराची वाट ठरली. इथे ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ आल्यास जनुकांच्या प्रती मोजणारी आणखी एक चाचणी करावी लागते.

अहवालात के-आय-६७ असेही असते. विभाजनाच्या वाटेवर असलेल्या पेशी किती, ते त्यातून कळते. नावाचे मूळ गमतीचे आहे : 'की' हे जर्मनीतील कील शहराचे, ६७ हा प्रयोगातल्या खळग्याचा क्रमांक.

आता तिन्ही निगेटिव्ह. संप्रेरकरोधक गोळी चालणार नाही, ट्रॅस्टुझुमॅबही नाही. चिकटायला जागाच नाही. चाळिशीच्या आतल्या स्त्रियांत हा प्रकार तुलनेने अधिक आढळतो आणि वेगाने वाढतो. म्हणून पेढे नकोत. पण हातपाय गाळण्याचेही कारण नाही. या गाठी केमोथेरपीला अनेकदा चांगला प्रतिसाद देतात. काहींच्या बाबतीत शस्त्रक्रियेपूर्वीच्या केमोने गाठीचा मागमूस राहत नाही. अलीकडे प्रतिकारशक्तीला जागे करणारी औषधेही काही रुग्णांना सोबत देतात. मूल हवे असेल तर केमो सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे, हे तरुण मुलींना कोणी आवर्जून सांगायला हवे. संकोचाने ते राहून जाते.

मराठीत अहवाल लिहायचा झाला तर मी 'सकारात्मक-नकारात्मक' हे शब्द कटाक्षाने टाळीन. 'ग्राही आढळला', 'ग्राही आढळला नाही' असे लिहिले, तर कोणाची आई पेढ्यांच्या दुकानाकडे निघणार नाही.

फोनवर मी तिला दोनच गोष्टी सांगितल्या. आईला आजच खरे सांग. आणि पुढच्या भेटीत बीआरसीए जनुकांच्या चाचणीविषयी विचार, कारण त्यातील पहिल्या जनुकातला दोष या प्रकाराशी बऱ्याचदा जोडलेला असतो आणि तो घराण्यात उतरतो. तिला एक धाकटी बहीण आहे.