बंद सीमांच्या आत : करोनाकाळातील ऑस्ट्रेलिया, स्थलांतरितांच्या नजरेतून

१८ एप्रिल २०२१ रोजी महाराष्ट्रात एका दिवसात ६८ हजारांहून अधिक नवे करोनाबाधित सापडले. बेड, ऑक्सिजन आणि रेमडेसिविरसाठी घराघरांतून फोन फिरत होते. आठवडाभराने, २५ एप्रिलला, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलचा सामना पाहायला ७८ हजार प्रेक्षक जमले. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे ही दोन्ही जगे एकाच वेळी जगत होती. भारताच्या साडेचार तास पुढे असलेल्या मेलबर्न-सिडनीच्या घड्याळात मध्यरात्र उलटून गेली तरी पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांसाठी फोनाफोनी चालायची, आणि सकाळी नेहमीप्रमाणे मुलांचे डबे भरून कामावर जायचे असायचे.

ऑस्ट्रेलियाने ही साथ कशी हाताळली, असे तिथल्या भारतीयांना विचारले तर एक उत्तर मिळत नाही. २०२१च्या जनगणनेत तिथे भारतात जन्मलेले ६ लाख ७३ हजार लोक नोंदले गेले; परदेशात जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडखालोखाल ही संख्या होती. एवढ्या मोठ्या समाजाचे एकमत होणे शक्यच नव्हते. पण मते विखुरली ती राजकीय पक्षांच्या ओळीने नव्हे. हातात नागरिकत्व होते, पीआर (कायम वास्तव्याचा हक्क) होते की तात्पुरता व्हिसा, आणि आईवडील कुठे होते, यावर बहुतेकांचे मत ठरले, असे मला वाटते.

धोरण काय होते

२० मार्च २०२०च्या रात्री ऑस्ट्रेलियाने आपल्या सीमा बंद केल्या. नागरिक, कायम रहिवासी आणि त्यांचे जवळचे कुटुंबीय एवढ्यांनाच आत येण्याची मुभा राहिली. पाचच दिवसांनी उलट बाजूचे दारही लागले : नागरिकांना आणि कायम रहिवाशांना देशाबाहेर जायचे असेल तर सरकारकडे अर्ज करून सूट मिळवणे भाग झाले. परतणाऱ्यांना १४ दिवस हॉटेलात विलगीकरण. त्या हॉटेलांची क्षमता मर्यादित, म्हणून जुलै २०२० पासून दर आठवड्याला किती प्रवासी उतरवायचे याची कमाल मर्यादा. न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यात विलगीकरणाचे बिल एका प्रौढामागे ३,००० डॉलर, तेही प्रवाशानेच भरायचे. शिवाय राज्यांनी एकमेकांसाठी सीमा बंद केल्या त्या वेगळ्या. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने आपली सीमा पुरती उघडली ती ३ मार्च २०२२ ला.

या कडकपणाचे फळ आकड्यांत दिसते. अडीच कोटी वस्तीच्या या देशात २०२० अखेरपर्यंत करोनाने ९०९ मृत्यू झाले.

कृतज्ञता खरी होती

टीकेकडे वळण्याआधी हे स्पष्ट सांगितले पाहिजे की, स्थलांतरितांपैकी अनेकांना या धोरणाने सुरक्षित वाटले, आणि ती भावना उसनी नव्हती. इस्पितळात जागा मिळेल की नाही, ही भीती तिथे बहुतेकांच्या वाट्याला आली नाही. मेलबर्न ज्याची राजधानी त्या व्हिक्टोरिया राज्याचे तेव्हाचे प्रीमियर (मुख्यमंत्री) डॅनियल अँड्र्यूज यांनी २०२० च्या दुसऱ्या लाटेत सलग १२० दिवस पत्रकारांसमोर येऊन आकडे सांगितले, प्रश्न घेतले. सत्तेवरचा माणूस रोज उत्तर द्यायला उभा राहतो, याचे भारतातून गेलेल्यांना विशेष अप्रूप होते.

या सुरक्षिततेची किंमत मेलबर्नने सर्वांत जास्त मोजली. सहा लॉकडाउन, मिळून २६२ दिवस. २०२० चा गणपती २२ ऑगस्टला आला तेव्हा शहरात रात्री आठनंतर संचारबंदी होती आणि घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जाता येत नव्हते. पुढच्या वर्षी १० सप्टेंबरला गणपती बसले तेव्हाही लॉकडाउनच. दोन वर्षे आरत्या पडद्यावर झाल्या. तरीही ‘जीव वाचत असतील तर हे चालेल’ असे म्हणणारे खूप होते. एकटे राहणारे आणि लहान मुले घरात कोंडलेले पालक मात्र दुसऱ्या वर्षी थकून गेले होते. मेलबर्नमधला माणूस आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या बंद सीमेआड पर्थमध्ये राहणारा माणूस यांचे अनुभव तर इतके वेगळे की ते एकाच देशात राहत होते यावर विश्वास बसू नये.

‘खर्च भागत नसेल तर मायदेशी जा’

एप्रिल २०२० मध्ये सरकारच्याच हिशेबाने ऑस्ट्रेलियात २१ लाख ७० हजार लोक तात्पुरत्या व्हिसावर होते. त्यांत साडेसहा लाखांहून अधिक न्यूझीलंडचे नागरिक, ५ लाख ६५ हजार परदेशी विद्यार्थी, शिवाय कुशल कामगार आणि पर्यटक. नोकऱ्या टिकाव्यात म्हणून सरकारने जॉबकीपर ही योजना आणली : पंधरवड्याला १,५०० डॉलर, कंपनीमार्फत. न्यूझीलंडवासीयांना ती लागू झाली. इतर तात्पुरत्या व्हिसाधारकांना नाही. तेव्हाचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी ३ एप्रिलला सांगितले की, ज्यांना स्वतःचा खर्च भागवता येत नसेल त्यांना मायदेशी परतण्याचा पर्याय आहे.

भारतीय विद्यार्थ्यांपुरता तो पर्याय कागदावरच होता. भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने मार्चच्या अखेरच्या आठवड्यापासून बंद केली होती. अडकलेल्या भारतीयांना परत आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेची विमाने सुरू झाली ती मे महिन्यात. म्हणजे रेस्टॉरंटमधली नोकरी गेली, घरभाडे थकले, मदत नाही आणि परतीचे विमानही नाही, अशा अवस्थेत ही मुले महिना-दीड महिना अडकली. सरकारचा युक्तिवाद असा की विद्यार्थी व्हिसा घेताना पहिल्या वर्षाच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. एक वर्षाहून अधिक काळ राहिलेल्यांना आपल्या निवृत्तिवेतन खात्यातून, म्हणजे सुपरमधून, पैसे काढायची परवानगी मिळाली. व्हिक्टोरिया राज्याने ११०० डॉलरपर्यंत एकरकमी मदत दिली. बाकीचा भार गुरुद्वारे, मंदिरे, स्थानिक मंडळे आणि स्वयंसेवकांनी उचलला.

त्याच वेळी परदेशी विद्यार्थ्यांसाठी असलेली पंधरवड्याला ४० तासांची कामाची मर्यादा सुपरमार्केट आणि वृद्धसेवा केंद्रांसाठी सैल करण्यात आली. माल भरायला, वृद्धांची शुश्रूषा करायला हीच मुले हवी होती. ज्यांच्या श्रमावर लॉकडाउन चालला त्यांना लॉकडाउनच्या मदतीतून वगळले, हा आक्षेप मला पूर्णपणे रास्त वाटतो.

सुट्टीला भारतात आलेल्या आणि इथेच अडकलेल्या तात्पुरत्या व्हिसाधारकांचे हाल निराळे. त्यांतल्या बहुतेकांना परतायला १५ डिसेंबर २०२१ पर्यंत थांबावे लागले. भाड्याचे घर, गाडी, सामान तिकडे, स्वतः इकडे. विद्यार्थ्यांनी ऑनलाइन वर्ग केले. पदवीनंतर काम करण्यासाठी मिळणारा ४८५ व्हिसा काहींच्या हातात असतानाच वाया गेला. त्याबदली नवा व्हिसा देण्याची सोय पुढे झाली, पण उमेदीचा काळ निघून गेला तो गेलाच.

आईवडील ‘जवळचे कुटुंब’ नव्हते

सीमाबंदीच्या नियमात जवळचे कुटुंबीय म्हणजे पती-पत्नी वा जोडीदार, अवलंबून असलेली मुले आणि अजाण मुलांचे पालक. प्रौढ माणसाचे आईवडील त्यात नव्हते. भारतीय कुटुंबांच्या मनाला सर्वांत खोल लागलेली गोष्ट ही. बाळंतपणाला आई येणार, नातवंडाला आजी-आजोबा सांभाळणार, या गृहीतावर तिथली कितीतरी घरे उभी असतात. दीड वर्षाहून अधिक काळ ते गृहीत मोडून पडले. पहिलटकरणीने लॉकडाउनमध्ये केवळ नवऱ्याच्या मदतीने बाळ सांभाळायचे आणि आजीने फोनवरून शेक-शेगडी समजावायची, हे घरोघरी झाले.

उलट दिशेने तर पेच अधिक कठीण होता. इकडे वडील अत्यवस्थ. नागरिक किंवा पीआर असलेल्या मुलाने आधी बाहेर पडण्याची सूट मागायची, कागदपत्रे जोडायची, उत्तराची वाट पाहायची. मिळाली तर परतीच्या मर्यादित जागांमध्ये आपली लागेल याची खात्री नाही. लागली तर १४ दिवस हॉटेल आणि तीन हजारांचे बिल. तात्पुरत्या व्हिसावरच्या मुलाला बाहेर पडायला सूट लागत नसे, पण तो गेला की परत येण्याचा मार्ग जवळपास बंद. कुणाला जाता येईना, कुणाला परतता येईना. अनेकांनी आईवडिलांचे अंत्यविधी मोबाइलवर पाहिले. या काळाबद्दल बोलताना धोरणाचे एरवी समर्थन करणारेही इथे येऊन थांबतात.

१ नोव्हेंबर २०२१ पासून नागरिक आणि कायम रहिवाशांच्या आईवडिलांना जवळचे कुटुंबीय मानले गेले. लसीकरण पूर्ण झालेल्यांसाठी देशाबाहेर जाण्यावरची बंदीही त्याच दिवशी उठली.

मे २०२१ : मायदेशी परतणे हा गुन्हा

भारतात दुसरी लाट शिगेला असताना मॉरिसन सरकारने २७ एप्रिलला भारतातून येणारी विमाने थांबवली. मग त्याहून कठोर पाऊल आले. आरोग्यमंत्री ग्रेग हंट यांनी २०१५ च्या जैवसुरक्षा कायद्याखाली आदेश काढला : मागच्या १४ दिवसांत भारतात असलेल्या कोणीही, अगदी ऑस्ट्रेलियन नागरिकानेही, ३ मे पासून देशात पाऊल ठेवले तर तो गुन्हा. कायद्यातील कमाल शिक्षा पाच वर्षे कैद किंवा ६६,६०० डॉलर दंड, किंवा दोन्ही. त्या वेळी परतण्यासाठी नाव नोंदवलेले सुमारे ९,००० ऑस्ट्रेलियन भारतात होते.

सरकारची बाजू अशी की, एप्रिलमध्ये विलगीकरणात सापडलेल्या बाधितांपैकी निम्म्याहून अधिक भारतातून आलेले होते आणि व्यवस्थेवर ताण येत होता. ताण खरा असेल. पण अमेरिका आणि ब्रिटनमध्ये रुग्णसंख्या भडकली होती तेव्हा तिथून परतणाऱ्या नागरिकांना तुरुंगाची भीती घातली गेली नव्हती. भारतीय वंशाच्या लोकांनी हाच प्रश्न विचारला, आणि त्याचे पटणारे उत्तर मिळाले नाही. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगानेही चिंता व्यक्त केली. आयपीएलच्या समालोचनासाठी भारतात आलेला माजी कसोटीपटू मायकेल स्लेटर याने तर पंतप्रधानांच्या हातांना रक्त लागले आहे, असे जाहीरपणे म्हटले. आयपीएल ४ मे रोजी स्थगित झाल्यावर ऑस्ट्रेलियन खेळाडू आणि प्रशिक्षक मालदीवला गेले, तिथे मुदत काढून सिडनीला पोहोचले. सामान्य कुटुंबाला असा वळसा परवडणारा नव्हता.

बंगळुरूत अडकलेल्या एका नागरिकाने आदेशाला फेडरल कोर्टात आव्हान दिले. १० मे रोजी कोर्टाने त्या आव्हानाचा पहिला भाग फेटाळला. १५ मे रोजी बंदीची मुदत संपली आणि त्याच दिवशी पहिले विमान डार्विनला उतरले. चाचणीत बाधित आढळलेले आणि त्यांच्या संपर्कातले प्रवासी मात्र दिल्लीतच राहिले होते. कोणावरही खटला झाला नाही. नागरिकत्वाची शपथ घेतलेल्यांच्या मनात मात्र आपले नागरिकत्व दुय्यम आहे का, हा प्रश्न राहिला. माझ्या दृष्टीने त्या संपूर्ण काळातील हा सर्वांत चुकीचा निर्णय होता.

एका शहरात दोन नियम

दुय्यम ठरवले जाण्याची ही जखम केवळ भारतीयांची नव्हती. ४ जुलै २०२० च्या दुपारी मेलबर्नमधील फ्लेमिंग्टन आणि नॉर्थ मेलबर्न इथल्या सरकारी घरांच्या नऊ टॉवरना पूर्वसूचना न देता वेढा पडला. सुमारे तीन हजार रहिवासी, त्यांत मोठ्या संख्येने निर्वासित आणि स्थलांतरित, घराच्या दारात पोलीस पाहून हबकले. आठ टॉवर पाच दिवसांत मोकळे झाले, एक दोन आठवडे बंद राहिला. राज्याच्या लोकपाल डेबोरा ग्लास यांनी डिसेंबरमध्ये निष्कर्ष काढला की, ही तत्काळ नाकेबंदी मानवी हक्क कायद्याच्या विरुद्ध होती.

सिडनीत २०२१ च्या डेल्टा लाटेची सुरुवात बाँडायसारख्या सुखवस्तू भागातून झाली. पण रात्री नऊची संचारबंदी आणि गस्तीला लष्कराचे जवान हे पश्चिम सिडनीच्या वाट्याला आले. पॅरामॅटा, ब्लॅकटाउन, कंबरलँड हे तिथले भाग भारतीयांच्या दाट वस्तीचे. गोदामे, इस्पितळे, डिलिव्हरी इथे राबणारी माणसे तिथेच राहतात, त्यांना घरी बसून काम करता येत नव्हते, म्हणून संसर्गही तिथे पसरला. ही कारणे ठाऊक असूनही बंदोबस्त आधी आला.

हिशेब आणि एक विनंती

संघराज्य सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचा अहवाल ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. साथीच्या सुरुवातीच्या निर्णयांनी जीव वाचवले हे त्याने मान्य केले. पण लोकांचा विश्वास घटला असून तेच उपाय पुन्हा लादले तर लोक ते स्वीकारतीलच असे नाही, असेही बजावले. २०२०-२१ मध्ये ऑस्ट्रेलियातून गेलेल्यांची संख्या आलेल्यांपेक्षा सुमारे ८५ हजारांनी जास्त होती. दुसऱ्या महायुद्धानंतर असे पहिल्यांदाच घडले. सीमा उघडल्यावर मात्र भारतीय विद्यार्थ्यांची रांग पुन्हा लागली.

त्या रांगेतल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना एक विनंती. विद्यापीठाची क्रमवारी आणि पीआरची शक्यता जशी तपासता, तशीच नोकरी गेली किंवा सीमा बंद झाल्या तर आपल्या व्हिसावर कोणता हक्क राहतो, आरोग्यविम्यात काय येते आणि काय येत नाही, हेही जाण्याआधी वाचा. तीन-चार महिन्यांचे घरभाडे आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा, आणि तिथल्या मराठी मंडळाशी पहिल्याच महिन्यात ओळख करून घ्या.