वजनकाट्याला न दिसणारं

२००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटंसं टिपण छापून आलं. त्यात दोन डॉक्टरांची शरीरं शेजारी शेजारी दाखवली होती. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा, २२.३ होता. तक्त्यात दोघंही एकाच रकान्यात, अगदी ‘नॉर्मल’. पण क्ष-किरणांच्या खास तपासणीनं चरबी मोजली, तेव्हा युडकिनांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त!

युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम, त्यांनीच मोकळेपणानं सांगितल्याप्रमाणे, रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी धावत जाऊन ती गाठणं. फरकाचा काही भाग इथे असेल. पण टिपणात आणखी एक नोंद होती आणि मला तीच सगळ्यात विलक्षण वाटते : जन्माच्या वेळी याज्ञिकांचं वजन कमी होतं.

या नोंदीमागे पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये १९९३पासून चाललेलं मोठं काम आहे. तिथल्या नवजात बाळांची मापं घेऊन इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. दंडाचा घेर कमी, पोटाचा घेर तर फारच कमी. मात्र खांद्याच्या फऱ्याखालची त्वचा चिमटीत धरून तिथली चरबी मोजली, तर तो फरक सगळ्यात कमी. आईच्या पोटात जे थोडं पोषण मिळालं, त्यातून त्या इवल्या देहानं स्नायूंवर काटकसर केली आणि चरबी मात्र राखली. दिसायला बारीक, आतून चरबी जपणारं हे शरीर आपल्याकडे घरोघरी आहे. लग्नकार्यात ‘अगं, किती सुटलीस!’ म्हणणाऱ्या मावशीला काय ठाऊक, की त्या पोटामागची गोष्ट त्या पोरीच्या जन्माआधीपासून सुरू झालेली असू शकते.

मग बीएमआयचा आकडा आला कुठून? एका खगोलशास्त्रज्ञाकडून. बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी १८३०च्या दशकात वजन आणि उंची यांचं हे गणित मांडलं. ग्रहताऱ्यांच्या अनेक निरीक्षणांची सरासरी काढली की चुका गळून खरी जागा सापडते, हे त्यांना माहीत होतं. तीच रीत त्यांनी माणसांना लावली आणि ‘सरासरी माणूस’ उभा केला. एकेका माणसाची तब्येत ठरवण्यासाठी ते सूत्र नव्हतंच, अख्ख्या समाजाकडे पाहण्यासाठी होतं. १९७२मध्ये अँसल कीज यांनी त्याला आजचं नाव दिलं आणि पुढे ते दवाखान्यादवाखान्यांत पोहोचलं. उपयोग आहेच त्याचा. भारतीयांसारख्या आशियाई लोकांनी २५ची वाट न पाहता २३लाच सावध व्हावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सुचवलंय. पण त्या आकड्यात स्नायू किती आणि चरबी किती, हे कळायची सोयच नाही.

आणि तो सरासरी माणूस? अमेरिकेच्या हवाई दलानं त्याला खरोखर शोधून पाहिलं. १९५०च्या सुमाराला वैमानिकांच्या कॉकपिटची मापं नव्यानं ठरवायची होती. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने ४,०६३ वैमानिकांच्या मापांमधून उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापं निवडली आणि प्रत्येक मापात मधल्या तीस टक्क्यांत बसणारा तो ‘सरासरी’, अशी सढळ व्याख्या केली. दहाही मापांत बसणारे किती निघाले? एकही नाही. चार हजारांत एकही नाही! कुणाचे हात लांब तर पाय आखूड, कुणाची छाती रुंद तर कंबर बारीक. शेवटी माणसं बदलायचा प्रश्नच नव्हता, म्हणून खुर्च्या मागेपुढे सरकणाऱ्या झाल्या. तयार कपड्यांच्या दुकानातल्या आरशासमोर ‘माझंच शरीर वेडंवाकडं’ म्हणून हिरमुसणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला हा किस्सा कुणीतरी सांगायला हवा.

वजनकाट्याचा आकडाही असाच फसवा. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजन साठलेलं असतं आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात-पोळी एकदम सोडली की हा साठा बराच घटतो, पाणी निघून जातं आणि आठवड्यात दीड-दोन किलो उतरल्याचा आनंद होतो. त्यात चरबी थोडीच असते. पुन्हा दोन दिवस नीट जेवलं की तेच पाणी परत येतं आणि माणूस स्वतःलाच अपराधी ठरवतो. इतकं दुःख, तेही पाण्यासाठी.

दहा हजार पावलांचं ध्येयही असंच. १९६५च्या सुमाराला एका जपानी कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं, तिथून ते रुजलं. २०१९मध्ये सरासरी बहात्तर वर्षांच्या अमेरिकन स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं आणि ७,५००च्या आसपास हा फायदा स्थिरावत होता. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत चालत जाऊन येणं मोलाचं आहे, ते यामुळे.

पण मी थक्क झाले ते बोस्टनच्या आजीआजोबांमुळे. १९९०मध्ये तिथल्या एका वृद्धांच्या संस्थेत ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला गेला. हलका नव्हे, चांगला कस लागणारा. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या मांडीचे स्नायू सरासरी ९ टक्क्यांनी वाढले. आरशाला दिसायचीच तर एवढीच वाढ दिसणार. ताकद मात्र सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली! एवढी तफावत का? कारण आधी शिकतात त्या नसा. मेंदूचा निरोप स्नायूंच्या जास्त धाग्यांना एकाच वेळी आणि जास्त वेगानं पोहोचू लागतो. आजवर गप्प बसलेले धागे कामाला लागतात. व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत ‘काहीच फरक पडत नाही’ म्हणून जिम सोडणाऱ्यांच्या शरीरात नेमकं हेच घडत असतं. त्या नव्वदीच्या मंडळींपैकी दोघांची काठी सुटली. व्यायाम थांबल्यावर मात्र चार आठवड्यांतच ताकद ३२ टक्क्यांनी घटली.

जिममध्ये पहिल्या दिवशी वजन, कंबर, दंड लिहून घेतात. त्या फॉर्मवर आणखी एक ओळ असावी, असं मला मनापासून वाटतं : हात न टेकता खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं? वृद्धांची ताकद तपासण्यासाठी ही चाचणी नेहमी वापरतात. ती घरीही करता येते. पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीवर घ्यायचे, आलेला आकडा कॅलेंडरवर लिहायचा आणि महिन्याभरानं पुन्हा मोजायचा.